मानलेल्या आजीचे तर्पण

वसई रोड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून माणिकपूरच्या दिशेने निघाले की दुतर्फा इमारती लागतात. प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली एक फळा असतो. पाणी येण्याची वेळ, देखभालीच्या रकमेची थकबाकी, गणेशोत्सवाची वर्गणी असा मजकूर त्यावर नित्य असतो आणि अधूनमधून चार ओळींची निधनवार्ताही असते. अमक्यांच्या मातोश्री वृद्धापकाळाने निवर्तल्या, त्यांच्या पश्चात पुत्र, कन्या, सुना, जावई व नातवंडे असा परिवार आहे, अंत्ययात्रा अमुक वाजता निघेल. मजकूर बिनचूक असतो. समोरच्या बिऱ्हाडातील आठ-दहा वर्षांच्या मुलांचा त्यात उल्लेख नसतो आणि तो नसणे कोणाला खटकतही नाही. वास्तविक अनेकदा असे असते की, त्या वृद्धेच्या अखेरच्या वर्षांतील बहुतेक दुपारी त्याच मुलांच्या सोबतीने सरलेल्या असतात. सख्खी नातवंडे परगावी किंवा परदेशी असतात, वर्षाआड पंधरा दिवस येतात. समोरची मुले मात्र शाळेतून आली की दप्तरासकट तिच्याच दारात उभी राहतात. ती तिला आजी म्हणतात. त्या आजीच्या मृत्यूनंतर या मुलांचे नेमके काय होते, याचा विचार समाज म्हणून आपण फारसा केलेला नाही.

हे नाते जन्माला कसे आले, ते पाहण्यासाठी माणिकपूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. मूळचे माणिकपूर हे वसईच्या हिरव्या पट्ट्यातील एक गावठाण. विहिरी, केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि जुनी कौलारू घरे हे त्याचे रूप. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांत मुंबईतील घरांच्या किमती मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेल्या. गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील चाळींतून निघालेली मराठी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत भाईंदरच्या खाडीपलीकडे पोहोचली. बघता बघता बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नवघर-माणिकपूरची नगरपरिषद झाली आणि २००९ मध्ये तीही वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली. २०११ च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. पुढे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात आला.

या स्थलांतरात माणसे आली, भांडीकुंडी आली, देव्हारे आले. आजी-आजोबा मात्र पुष्कळदा मागे राहिले. कोणाचे कोकणातल्या घरी, कोणाचे परळच्या खोलीत थोरल्या भावाकडे. नव्या घरातील पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे. सकाळची लोकल गाठायची तर सातच्या ठोक्याला घर सोडणे भाग, आणि संध्याकाळी विरार गाडीच्या गर्दीतून वसईला उतरेपर्यंत दिवेलागण उलटून गेलेली. चाळीत हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, कारण चाळीला गॅलरी होती. मूल कोणाच्या घरात जेवते आणि कोणाच्या घरात झोपते याचा हिशोब तेथे ठेवला जात नसे. सदनिकेच्या दाराला आतून लॅच आली आणि तो हिशोब सुरू झाला. अशा वेळी शेजारचे एक दार उघडे राहिले, ते एखाद्या एकट्या वृद्धेचे.

या वृद्धेने काय दिले याची यादी करणे अवघड आहे. त्यातील बरेचसे वस्तुरूप नव्हतेच. वरणभात दिला, पावकी-निमकी पाठ करून घेतली, तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणवून घेतले, आणि ताप चढला तर आईला कार्यालयात दूरध्वनी करण्याआधी कपाळावर थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. वसईच्या सुकेळीचा तुकडा गोष्टीच्या शेवटी मिळेल, या बोलीवर रामायणातील पूर्ण एक कांड ऐकवले. मुलाला प्रथमच खोटे बोलताना पकडले तेही तिनेच, आणि घरी न सांगण्याचे वचन पाळले तेही तिनेच. काही ठिकाणी या सांभाळण्याचे थोडेफार पैसे दिले-घेतले जात, हेही खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या विधवेला महिन्याकाठी मिळणाऱ्या त्या रकमेचा आधार असे. पैसे दिले म्हणून नाते उणे होते, असे मानणाऱ्यांनी वेतन घेणाऱ्या शिक्षकाला गुरू म्हणणेही सोडून द्यावे लागेल.

मराठी समाजाला मानलेली नाती नवीन नाहीत. मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते, आणि त्या नात्याला वर्षातून दोनदा, राखीपौर्णिमेला आणि भाऊबिजेला, ओवाळणीचे तबक साक्षीला असते. मानलेल्या आजीसाठी असा एकही दिवस पंचांगात नाही. शिवाय येथे भाषेनेच एक गुंता करून ठेवला आहे. कोणत्याही वयस्क स्त्रीला आजी म्हणणे हा आपल्याकडे साधा शिष्टाचार आहे. भाजीवाली आजी, देवळातली आजी, गाडीत खिडकीशी बसलेली आजी. त्यामुळे एखाद्या मुलाच्या तोंडी हा शब्द शिष्टाचाराचा राहिला नाही, तो खरा झाला, हे बाहेरच्या कोणाच्या लक्षातच येत नाही. गावठाणातील ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता लाभतात व त्यांची नावे चर्चच्या नोंदवहीत लागतात. शेजारच्या इमारतीतील हिंदू मुलाच्या आजीची नोंद कोठेच नसते.

मग प्रसंग येतो तेव्हा मुलाला काय ऐकावे लागते? त्याला शाळेत पाठवले जाते, कारण चाचणी परीक्षा असते. परत आल्यावर समोरचे दार बंद दिसते. तो रडू लागला तर कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणते की, अरे, ती काही तुझी सख्खी आजी नव्हती. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु या एका वाक्यात क्रौर्य आहे. दुःख करण्यासाठी आधी अधिकार सिद्ध करावा लागतो, असे ते वाक्य कोवळ्या वयात शिकवते. खेदाची गोष्ट अशी की, हे बहुधा परंपरेच्या नावाने बोलले जाते. आपल्याला सूतक नाही, आपल्याकडे दिवस पाळायचे नाहीत, तेव्हा विषय संपला. परंपरा खरोखर असे सांगते काय, हे तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

परंपरेकडे पाहिले तर पहिलीच व्यक्ती समोर उभी राहते ती पितामह भीष्मांची. ज्यांना अवघे भारतवर्ष पितामह म्हणून ओळखते, ते कोणाचेही पिता नव्हते. विवाह न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या या पुरुषाने धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर यांना पुत्रवत वाढवले व पुढे त्यांच्या मुलांनाही अंगाखांद्यावर खेळवले. रक्ताच्या हिशोबाने पाहिले तर ते पांडूच्या वडिलांचे सावत्र भाऊ, म्हणजे पांडवांचे चुलत आजोबा. पण महाभारतकारांनी हा हिशोब बाजूला ठेवला आहे. युद्धाच्या नवव्या दिवशी रात्री, भीष्मांना कसे पाडायचे याची मसलत चाललेली असताना, अर्जुनाला लहानपणची एक आठवण होते आणि ती तो श्रीकृष्णाला सांगतो. खेळून धुळीने माखलेल्या अंगाने तो भीष्मांच्या मांडीवर चढत असे आणि त्यांना बाबा म्हणून हाक मारत असे. तेव्हा ते त्याला सांगत की, मी तुझा पिता नव्हे, तुझ्या पित्याचा पिता आहे. ज्याने पितृत्वाचा जाहीर त्याग केला, तोच एका मुलाला मांडीवर घेऊन मी तुझा आजोबा आहे असे सांगतो, आणि व्यासांना त्यात काही विसंगत वाटत नाही. अर्जुनाचे हात त्या रात्री का गळाले, हे समजण्यासाठी कोणत्याही वंशवृक्षाची गरज पडत नाही.

भीष्मांच्या देहावसानानंतर चिता रचली ती पांडवांनी आणि विदुराने, उदक दिले ते कुरुकुलातील सर्वांनी. परंतु विषय तेवढ्यावर थांबला नाही. माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, सर्वांनी भीष्मांना तर्पण करावे असा शास्त्राचा संकेत आहे. त्या तर्पणाच्या मंत्रात त्यांचे वैयाघ्रपद्य गोत्र उच्चारले जाते आणि ते अपुत्र होते, हेही उच्चारले जाते. पुत्र नसलेल्याला उदक द्यायचे आहे, म्हणूनच ते सगळ्यांनी द्यायचे आहे. एरवी वडील हयात असलेल्या पुरुषाला तर्पणाचा अधिकार नसतो, परंतु यम आणि भीष्म यांचे तर्पण त्यानेही करावे, असे धर्मग्रंथ सांगतात. म्हणजे ज्या मुलाने अद्याप स्वतःच्या घरातील कोणाला तिलोदक दिलेले नाही, त्याच्या ओंजळीतील पाणी या मानलेल्या आजोबाच्या वाट्याला जाऊ शकते. आज किती घरांत भीष्माष्टमीचे तर्पण होते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

अशौचाचेही तसेच. सूतक केवळ सपिंडांचे असते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र आचार्याच्या निधनानंतर शिष्याला तीन रात्रींचे अशौच सांगितले आहे. शिष्य आणि ऋत्विज यांच्यासाठी पक्षिणी, म्हणजे एक रात्र व तिच्या दोन्ही बाजूंचे दिवस, असे विधान आहे. यांपैकी कोणाशी रक्ताचे नाते असण्याची अट नाही. विद्या दिली, सहवास घडला, घरातील कार्य केले, एवढ्यावर हे नाते शास्त्राने ओळखले आणि मृत्यूच्या वेळी त्याला दिवस मोजून दिले. ज्या वृद्धेने मुलाला अक्षरओळख करून दिली, ती या न्यायाने आचार्यच ठरते. नियम जुने आहेत आणि त्यांतील सगळेच आज पाळण्याजोगे नाहीत, हे मान्य. प्रश्न आज्ञापालनाचा नाही. आपले पूर्वज दुःखाच्या बाबतीत आपल्यापेक्षा उदार होते, एवढेच येथे ध्यानात घ्यायचे आहे.

माणिकपूरच्याच रेल्वेमार्गाने आणखी उत्तरेला गेले की डहाणू तालुका लागतो आणि तेथे कोसबादची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये त्यांचे काम कोसबादला हलले आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. म्हणजे जवळजवळ अर्धशतक त्या याच भूभागातील वारली मुलांमध्ये राहिल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या स्त्रीला स्वतःचे मूल नव्हते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांपाशी न्यावी, हा अंगणवाडीचा आणि कुरणशाळेचा विचार ताराबाई व अनुताईंनी या परिसरात प्रत्यक्ष करून दाखवला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. इतक्या वर्षांत तेथील एका पिढीची मुले मोठी झाली आणि त्यांची मुलेही त्याच बालवाडीत बसली. हाक मारताना लोक ताईच म्हणत राहिले. पहिल्या विद्यार्थ्यांच्या मुलांशी त्यांचे नाते कोणते होते, हे त्या संबोधनावरून कळत नाही, पण ते ओळखायला संबोधनाची गरजही नाही.

सिंधुताई सपकाळ यांच्याबाबतीत हे नाते अधिक उघड होते. वर्धा जिल्ह्यातील पिंप्री मेघे येथे १९४८ मध्ये जन्मलेल्या, चौथीपर्यंतच शिकलेल्या, गरोदर असताना नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या आणि गोठ्यात प्रसूत झालेल्या या बाईची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तरीही एक तपशील पुन्हा सांगावासा वाटतो. रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणून भीक मागत असताना तिने अनाथ मुले जवळ केली, आणि आपल्याकडून पोटच्या मुलीत व या मुलांत भेद होईल, या भयाने स्वतःच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या हवाली केले. रक्ताचे नाते मानलेल्या नात्याच्या आड येऊ नये म्हणून केलेला इतका टोकाचा त्याग क्वचितच आढळेल. तो योग्य होता काय, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येणार नाही. ज्या नवऱ्याने हाकलले, तो म्हातारपणी आश्रयाला आला, तेव्हा तिने त्याला मुलाच्या नात्याने ठेवून घेतले. हे मात्र निःसंशय थोर होते.

मुलांची ती माई होती. त्या मुलांची लग्ने झाली, सुना-जावई आले आणि माईची आजी झाली. तिची नातवंडे हजारावर असल्याचे सांगितले जाते. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. महानुभाव पंथाच्या रीतीप्रमाणे तिचा देह ठोसर पागा येथे भूमीत ठेवण्यात आला. शासकीय इतमाम होता. त्या दिवशी तेथे जमलेल्या मुलांना तुमचे तिच्याशी नाते काय, असे कोणी विचारले नसेल.

सिंधुताईंना जे सहज मिळाले, ते माणिकपूरच्या तिसऱ्या मजल्यावरील आजीच्या मानलेल्या नातवंडांना मिळत नाही. त्यासाठी पद्मश्रीची आवश्यकता नसावी. कायदा येथे फारसा उपयोगी नाही. हिंदू दत्तक आणि पोटगीचा १९५६ चा कायदा मूल दत्तक घेऊ देतो, आजी नाही. वृद्धांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात अपत्यहीन वृद्धांच्या नातेवाइकांवर जबाबदारी टाकली आहे, पण नातेवाईक कोण, तर ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारसाने येईल तो. ज्याला तिच्या मालमत्तेतून काहीही नको होते, त्याचे नाव या व्याख्येत बसत नाही. आणि ते एका अर्थी बरेच आहे. हे नाते न्यायालयात सिद्ध करण्याची पाळी आली, तर ते उरणार नाही.

जे करता येण्याजोगे आहे, ते घरांनी आणि शेजाऱ्यांनी करायचे आहे. अखेरच्या दर्शनाला मुलाला नेण्यास कचरू नये. त्याला फूल वाहू द्यावे. परदेशातील पुत्र विमानाने पोहोचेपर्यंत कधी कधी देह एक-दोन दिवस थांबवावा लागतो. त्या काळात घराची किल्ली, रुग्णालयाचे कागद, महापालिकेतील मृत्यूची नोंद ही सारी धावपळ शेजारीच करतात, आणि क्रिया संपताच तेच शेजारी अवघडून भिंतीशी उभे राहतात. पुत्राने त्या वेळी एक पाऊल पुढे यावे आणि समोरच्या मुलांना जवळ बोलावून घ्यावे. आपल्या अनुपस्थितीत आईजवळ कोण होते, याची जाणीव त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? काही पुत्रांना हे अवघड जाते, कारण त्यात स्वतःच्या उणिवेची कबुली असते. मुलाच्या वडिलांनाही येथे एक काम आहे. रात्री उशिरा घरी येणाऱ्या या गृहस्थाचा त्या आजीशी संबंध पुष्कळदा जिन्यातील नमस्कारापुरताच राहिलेला असतो. तिच्याविषयी मुलगा काय सांगतो, ते त्याने आता एकदा बसून ऐकावे. डबा कोणत्या रंगाचा होता, ती कोणती गोष्ट अर्धवट सांगून झोपी जात असे, हे मुलाला सांगू द्यावे.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरात महालय होत असेल, तर ती सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे. त्या दिवशीच्या नामावळीत पितृकुल आणि मातृकुल झाल्यावर काका, मामा, आत्या, मावशी, सासरे यांची नावे येतात आणि त्यांच्यामागून गुरू, आचार्य, शिष्य व आप्त येतात. त्या ओळीत शेजारच्या आजीला जागा आहे. पुरोहित नाव आणि गोत्र विचारतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, असा नियम आहे. नावाचीच काय ती अडचण येते. घरात इतकी वर्षे सर्वजण तिला आजीच म्हणत आलेले असतात आणि तिचे पाळण्यातले किंवा सासरचे नाव कोणालाच माहीत नसते. ते तिच्या मुलाला दूरध्वनी करून विचारून घेता येते.